कॅनडाची चांदीची नाणी: भाव नंतर बघा, आधी नाणं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या गुंतवणुकीच्या पानावर परदेशी चांदीच्या नाण्यांबद्दल लेख आला होता, त्यात कॅनडाच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या आणि त्या दोन्ही भावाबद्दल होत्या. चांदी एकदम शुद्ध असते, सरकारी टांकसाळ आहे, चांदी चढतीये तर घेऊन ठेवा, एवढंच. मी कॅनडात मिसिसागाला राहतो, ही नाणी बऱ्याच वर्षांपासून जमवतोय, आणि तो लेख वाचून इथल्या आणि तिकडच्याही ओळखीच्या लोकांचे फोन सुरू झाले की आम्हीपण घेऊ का, कुठलं घेऊ, किती वाढेल. त्यातले बहुतेक जण जे नाणं घ्यायला निघालेत ते त्या लेखात सांगितलेलं नाणंच नाहीये, म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलंय, पण शक्य झालं तर पूर्ण छापा.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. कॅनडाची टांकसाळ, म्हणजे रॉयल कॅनेडियन मिंट, चांदीची दोन वेगळ्या प्रकारची नाणी विकते. एक म्हणजे सिल्व्हर मेपल लीफ, १९८८ पासून निघतंय, एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, ९९.९९ टक्के चांदी, त्याच्यावर ५ डॉलर लिहिलेलं असतं पण ते विकलं जातं चांदीच्या त्या दिवसाच्या भावाने, वर थोडासा प्रीमियम. हे झालं चांदी घ्यायचं नाणं. दुसरा प्रकार संग्राहकांसाठीच्या नाण्यांचा, मर्यादित संख्या, डबा, कॅप्सूल, सर्टिफिकेट, आणि किंमत चांदीच्या भावापेक्षा बरीच वर. माझं वेड या दुसऱ्या प्रकारातल्या एका छोट्या कोपऱ्याचं आहे, ते म्हणजे कॅनडाच्या जुन्या गाजलेल्या नाण्यांची डिझाईनं मिंट आज पुन्हा चांदीत काढतं ती नाणी. लोक घ्यायला निघालेत ती हीच, कारण फोटोत ती सुंदर दिसतात. सुंदर आहेतच. पण ती चांदीच्या भावासाठी घ्यायची नाणी नाहीत, ती त्या डिझाईनसाठी आणि त्यामागच्या गोष्टीसाठी घ्यायची, आणि तशी घेतली तर त्यांच्याइतका आनंद देणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

आता बघा, १९३५ साली कॅनडाने पहिल्यांदा चलनात चांदीचा डॉलर आणला, राजा पंचम जॉर्जच्या राज्याला २५ वर्षं झाली म्हणून. त्याच्यावर जे चित्र आहे ते इथे लहान मुलालासुद्धा माहीत असतं, एक होडी, त्यात एक व्हॉयाजर म्हणजे फरच्या व्यापारासाठी नद्यांमधून माल वाहणारा माणूस आणि त्याच्यासोबत एक इथला मूळनिवासी, दोघं वल्हवतायत, मागे छोटं बेट, त्यावर दोन झाडं, आणि आकाशात बारीक उभ्या रेघा, त्या रेघा म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा प्रकाश, नॉर्दर्न लाइट्स. होडीत गाठोडी आहेत, त्यातल्या एकावर भिंगातून बघितलं तर एच बी अशी अक्षरं दिसतात, हडसन बे या फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीची. हे काढलं इमॅन्युएल हान या शिल्पकाराने, जन्म जर्मनीतला, लहानपणी टोरंटोला आलेला. त्याच हानने १९३७ साली १० सेंटवर शिडाचं जहाज आणि २५ सेंटवर कॅरिबूचं, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाचं, डोकं काढलं, ती दोन्ही चित्रं आजसुद्धा कॅनडाच्या सुट्ट्या पैशांवर आहेत. परदेशातून आलेल्या एका माणसाच्या हातची चित्रं ८५ वर्षांहून जास्त काळ अख्ख्या देशाच्या खिशात आहेत, मी स्वतः इथे बाहेरून आलेला असल्यामुळे मला या गोष्टीचं जरा जास्तच वाटतं.

तर २०१० मध्ये त्या पहिल्या डॉलरला ७५ वर्षं झाली तेव्हा मिंटने तो व्हॉयाजर पुन्हा काढला, वर १९३५-२०१० अशी दोन्ही सालं टाकून. मूळ नाणं ८० टक्के चांदीचं, २३.३ ग्रॅम. नवं स्टर्लिंगचं म्हणजे ९२.५ टक्क्यांचं, वजन २५ ग्रॅमच्या थोडं वर. म्हणजे नव्या नाण्यात अस्सलपेक्षा चांदी जास्त आहे आणि कामसुद्धा जास्त बारीक, प्रूफ फिनिश, म्हणजे मागची सपाटी आरशासारखी आणि चित्र दुधट पांढरं, हे करायला डाय, म्हणजे नाण्यावर चित्र उठवणारे ठसे, घासूनपुसून तयार करतात आणि एकाच नाण्यावर एकापेक्षा जास्त वेळा ठोका मारतात. १९३५ चा डॉलर बँकेतून लोकांच्या हातात गेला होता, त्याला असलं काही नव्हतं. तरीही माझ्याकडे जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवलेलं आहे आणि बघायला येणारा माणूस आधी जुनंच उचलतो, यात मला नव्याचा अपमान वाटत नाही. नव्यामुळे जुन्यातलं काय काय झिजलंय ते कळतं. ते एच बी अक्षर मला जुन्यावर कित्येक वर्षं दिसलंच नव्हतं, नव्यावर दिसलं आणि मग जुन्यावर कुठे शोधायचं ते कळलं.

१९११ च्या डॉलरची गोष्ट याहून भारी आहे. तेव्हा कॅनडाच्या सरकारने चांदीचा डॉलर काढायचा कायदा केला, डाय तयार झाले, नमुने पाडले, आणि मग सरकार बदललं, पंतप्रधान लॉरिए हरले, बोर्डन आले, आणि तो डॉलर निघालाच नाही. चांदीचे दोनच नमुने आज माहीत आहेत, आणि एक शिशाचा, तो १९७७ मध्ये ओटावात सापडला. इथे याला कॅनडाच्या नाण्यांचा सम्राट म्हणतात. तुमच्या आमच्यासारख्याने ते नाणं कधी हातात धरणं शक्य नाही. पण २००१ मध्ये ९० वर्षं झाली म्हणून मिंटने तेच डिझाईन १९११-२००१ असं साल टाकून स्टर्लिंग चांदीत काढलं आणि ते आजसुद्धा दुकानात आवाक्यातल्या किमतीत मिळतं. मुकुट, खाली मेपलच्या पानांची नक्षी, बाकी काही नाही, किती साधं आणि किती ठाम. पुनर्निर्मित नाणी कशासाठी असावीत असं मला कुणी विचारलं तर मी हे नाणं पुढे करतो.

१९११ वरून आपल्याकडचं एक सांगतो, कारण तुमच्या वाचकांत जुन्या रुपयांचे शौकीन नक्की असतील. त्या वर्षी कॅनडाच्या नाण्यांवर राजाच्या नावापुढची देवाच्या कृपेने या अर्थाची लॅटिन अक्षरं गाळली गेली आणि इथे एवढा गदारोळ झाला की १९१२ मध्ये ती परत घालावी लागली, लोक त्या नाण्यांना देव नसलेली नाणी म्हणतात. आणि त्याच वर्षी आपल्याकडे ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या माळेत जो हत्ती होता तो लोकांना डुकरासारखा दिसला, त्यावरून बोंब झाली, नाणी परत घेऊन वितळवली आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट करून रुपया काढला. दोन्हीकडचा राजाचा चेहरा एकाच शिल्पकाराचा, बर्ट्रम मॅकेनल. एकच माणूस, एकच साल, दोन खंडांवर दोन भानगडी.

पण भारताशी खरा संबंध आहे तो १९४८ च्या डॉलरचा, आणि तुमच्या लेखात हा यायलाच हवा होता. तोपर्यंत कॅनडाच्या नाण्यांवर सहाव्या जॉर्जच्या नावानंतर ईटी आयएनडी आयएमपी अशी लॅटिन अक्षरं असायची, म्हणजे ‘आणि हिंदुस्थानचा सम्राट’. १५ ऑगस्ट १९४७ ला आपण स्वतंत्र झालो आणि ते सम्राटपद सोडायचं ठरलं. मग कॅनडाच्या नाण्यांवरून ही अक्षरं काढायची, त्यासाठी लंडनहून नवीन साधनं यायची, ती यायला उशीर. इकडे १९४८ उजाडलं, नाणी तर लागतात, म्हणून मिंटने जुन्याच डायने १९४७ साल ठेवून नाणी पाडली आणि सालाच्या शेजारी एक चिमुकलं मेपलचं पान टाकलं, की ही खरी १९४८ मध्ये पाडलीत हे कळावं. नवीन डाय आले तेव्हा वर्षाचा बराच भाग गेलेला, आणि त्यामुळे १९४८ साल असलेले चांदीचे डॉलर निघाले फक्त १८,७८०. आज कॅनडाच्या डॉलरच्या सिरीजमधलं ते सगळ्यात हवंहवंसं नाणं आहे. दिल्लीत झेंडा बदलला आणि ओटावात नाणं दुर्मिळ झालं! मी इथल्या कॉइन शोमध्ये हे नाणं पहिल्यांदा काचेतून बघितलं तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या गोऱ्या डीलरनेच मला ही गोष्ट सांगितली, आणि सांगून झाल्यावर म्हणाला, हे तुमच्या लोकांमुळे. खूप प्रेमाने म्हणाला. मला त्या दिवशी जो अभिमान वाटला तो मी कुणाला नीट सांगू शकलेलो नाही.

याच गोष्टीतून एक कामाची खूण मिळते. इंटरनेटवर १९४८ चे डॉलर म्हणून वाट्टेल ते विकायला असतं, स्वस्तात. काही जण १९४५ किंवा १९४६ च्या डॉलरवरचा शेवटचा आकडा कोरून ४८ करतात. तर राजाच्या चेहऱ्याच्या बाजूची अक्षरं वाचा. १९४८ च्या अस्सल नाण्यावर हिंदुस्थानच्या सम्राटाची ती अक्षरं नसतातच. असतील तर ते नाणं खोटं, पुढे काही बघायची गरज नाही. अक्षरं नसली म्हणजे खरं असंही नाही हं, वजन, व्यास, कड सगळं बघावं लागतं, साध्या डिजिटल काट्यावर २३.३ ग्रॅम येतंय का, व्यास ३६ मिलिमीटर आहे का, लोहचुंबकाला चिकटत तर नाही ना, आणि एवढ्या महागाचं नाणं असेल तर नामांकित ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे नाणं तपासून त्याचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या, सीलबंद डब्यातलंच घ्यावं. नाशिकच्या माझ्या मावसभावाने एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जुना कॅनडियन डॉलर म्हणून जे मागवलं ते चांदीचं पाणी दिलेलं तांबं निघालं, आणि तो विक्रेता नंतर फोन उचलेना.

मिंटची पुनर्निर्मिती आणि हे असलं खोटं, या दोन्हींना लोक एकाच शब्दात डुप्लिकेट म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. मिंट जे काढतं त्याच्यावर नवं साल असतं, ते सरकारी टांकसाळीतून निघालेलं असतं, कायद्याने चलन असतं, ते स्वतःला जुनं म्हणवत नाही. दोन सालं घालायची ही पद्धत म्हणूनच मला फार आवडते.

माझ्या संग्रहातला सगळ्यात लाडका सेट १९९८ चा आहे. ओटावाची टांकसाळ २ जानेवारी १९०८ ला सुरू झाली, तेव्हा ती लंडनच्या रॉयल मिंटची शाखा होती, गव्हर्नर जनरल लॉर्ड ग्रे यांनी पहिलं ५० सेंटचं नाणं पाडलं. ९० वर्षं झाली तेव्हा १९०८ ची पाचही नाणी, १ सेंटपासून ५० सेंटपर्यंत, १९०८-१९९८ साल घालून स्टर्लिंग चांदीत काढली, दोन प्रकारात, एक आरशासारखा आणि एक मॅट. मूळ १ सेंट ब्राँझचा होता म्हणून नव्या चांदीच्या सेंटला वरून तांब्याचा थर दिला. मॅटवालाच घ्या असं मी प्रत्येकाला सांगतो. आरशाच्या फिनिशमध्ये प्रकाशच इतका नाचतो की नक्षी बघायची राहून जाते, आणि मॅटमध्ये पानाची शिर न शिर दिसते. ५ सेंटचं ते इवलंसं नाणं तर बघाच, त्या काळी ५ सेंट चांदीचा असायचा, नखाएवढा, १९२२ पासून तो निकेलचा मोठा झाला आणि म्हणून १९२१ चे चांदीचे ५ सेंट बहुतेक सगळे वितळवले गेले, जे थोडे वाचले त्यांना नाण्यांचा राजपुत्र म्हणतात. १९२१ चा ५० सेंट हा राजा, तोसुद्धा असाच, दोन लाखांच्या वर पाडले आणि वाचले शंभराच्या आसपास.

आता नावडतं सांगतो. गेल्या दहाबारा वर्षांत मिंटने बिग कॉइन नावाची सिरीज काढली, रोजची नाणी पाच औंसांची करून, म्हणजे सराफाच्या दहा ग्रॅमच्या हिशेबाने साडेपंधरा तोळे चांदी, आणि त्यावर मध्येच सोन्याचा मुलामा किंवा रंग. २०१७ मध्ये अ‍ॅलेक्स कोलव्हिलच्या डिझाईनांचंही असंच केलं. कोलव्हिल हा कॅनडाचा मोठा चित्रकार, २०१३ मध्ये गेला, त्याने १९६७ साली देशाला १०० वर्षं झाली तेव्हा सगळ्या नाण्यांवर प्राणी काढले, सेंटवर कबूतर, ५ सेंटवर ससा, १० वर मॅकरेल म्हणजे आपला बांगडा, २५ वर रानमांजर, ५० वर रडणारा लांडगा आणि डॉलरवर उडणारा कॅनडा गूज, म्हणजे रानहंस. काय चित्रं आहेत! त्या लांडग्याच्या मागे काहीही नाहीये, नुसती मोकळी सपाटी, आणि त्या मोकळ्या जागेतच या देशाचा पसारा आणि एकटेपणा दोन्ही आलंय. त्याला सोन्याचा मुलामा कशाला पाहिजे? चित्रकाराने मुद्दाम जे रिकामं ठेवलं तिकडे लक्षच जात नाही मग, लक्ष चकाकण्याकडे. आणि आकार. बोटांच्या चिमटीत मावणारं चित्र बशीएवढं केलं की त्याची ताकद वाढत नाही, जाते. मिंटने हा प्रकार थांबवावा असं मी त्यांनाही लिहिलंय. लोक घेतात म्हणून ते काढतात हे मला कळतं, पण म्हणूनच तर घेणाऱ्यांना सांगतोय.

बाकी डिझाईनांमध्ये १९४९ चा डॉलर चुकवू नका, न्यूफाउंडलंड कॅनडात आलं त्यावेळचा, त्यावर मॅथ्यू नावाचं जहाज आहे, थॉमस शिंगल्स या कारागिराने ते हाताने कोरलं होतं आणि दोर न दोर मोजता येतो. १९३९ चा, राजाराणी इथे आले तेव्हाचा, पार्लमेंटच्या इमारतीचा. आणि १९५८ चा टोटेम पोलचा, ब्रिटिश कोलंबियाच्या शंभरीचा, त्याला डेथ डॉलर म्हणतात कारण खांबाच्या टोकावर डोमकावळा आहे आणि काही मूळनिवासी लोकांत तो मरणाशी जोडलेला आहे. पिंडाला कावळा शिवायची वाट बघणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ही तिन्ही नाणी मात्र मी जुनी अस्सलच घ्या म्हणेन, कारण ती लाखांनी निघालेली आहेत आणि चांगल्या अवस्थेतली १९४९ आणि १९५८ ची तर अजूनही चांदीच्या किमतीच्या फार वर नसतात. पुनर्निर्मित नाणं घ्यायचं ते जिथे अस्सल परवडत नाही किंवा मिळतच नाही तिथे. माझा तरी हा नियम आहे आणि तो खिशालाही बरा पडतो.

आता भावाचं, कारण शेवटी फोन त्याचेच येतात. पुनर्निर्मित नाण्याला तुम्ही जे पैसे देता त्यातला चांदीचा वाटा अर्धा पण नसतो कित्येकदा, बाकी कारागिरी, डबा, मिंटचा नफा. विकायला गेलात तर डीलर बहुतेक नाण्यांना चांदीचा भाव देतो, फारतर थोडं वर. हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाहीये, हे असंच असतं. १९७१ ते १९९१ या काळात संग्राहकांसाठी दरवर्षी निघालेले ५० टक्के चांदीचे डॉलर बघा, किती सुंदर डब्यातून विकले, आज ते चांदीच्या भावाच्या आसपास टोपलीत पडलेले असतात, आणि एकात चांदी किती, ११.६५ ग्रॅम, बरोबर एक जुना तोळा. मिंटेज, म्हणजे पाडलेल्या नाण्यांची संख्या, कमी आहे म्हणून भाव वाढेल हेही खरं नाही, मिंटेज कमी आणि ते हवं असणारे लोक त्याहून जास्त, असं असेल तरच वाढतो. आणि नाण्यावर २० डॉलर, ५० डॉलर, १०० डॉलर लिहिलंय म्हणून दुकानदार तेवढ्याला घेईल असं समजू नका, कायद्याने चलन असलं तरी ही नाणी चालवायला काढलेली नसतात, इथल्या बँकाही नको म्हणतात. टॅक्सचं पण बघा, आमच्या ऑन्टारियो प्रांतात ९९.९ टक्के किंवा त्याहून शुद्ध चांदीच्या नाण्याला एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर, लागत नाही, पण स्टर्लिंगच्या नाण्याला १३ टक्के लागतो, आणि जुन्या डिझाईनांची चांगली चांगली पुनर्निर्मित नाणी नेमकी स्टर्लिंगची आहेत. म्हणून मी ती मिंटकडून नवीन घेण्यापेक्षा दोनपाच वर्षांनी डीलरकडे किंवा शोमध्ये दुसऱ्या हातची घेतो, डबा सर्टिफिकेटसकट, बऱ्याचदा मूळ किमतीपेक्षा कमीत मिळतात. आणि इथून भारतात पाठवायचं असेल तर कस्टमचे नियम आधी विचारा, चांदीच्या बाबतीत ते बदलत असतात, नातेवाइकाच्या बॅगेत टाकून देऊ असलं करू नका.

सांभाळायचं तर याहून महत्त्वाचं, विशेषतः मुंबई कोकणातल्या दमट हवेत. कॅप्सूलमधून काढू नका, काढलंच तर कडेला धरा, चित्रावर बोट नको. स्वस्तातल्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात पीव्हीसी असतं, त्याने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, ती पाकिटं वापरू नका. आणि दिवाळीला जसं देवाची चांदी पावडरने, टूथपेस्टने, चिंचेने घासतो तसं या नाण्याला चुकूनही करू नका, प्रूफ नाण्यावर एक कापड फिरलं तरी केसासारखे ओरखडे येतात आणि ते कधी जात नाहीत. नाणं काळं पडायला लागलं, पिवळसर निळसर झालं तर होऊ द्या, तो रंग कित्येकांना आवडतो. शुद्ध चांदीवर कधीकधी दुधासारखे पांढरे डाग येतात, मेपल लीफवर फार यायचे, मिंटने २०१८ पासून त्यावर काहीतरी प्रक्रिया सुरू केली आणि आता कमी येतात. एक सिलिका जेलची पुडी डब्यात ठेवा, झालं.

कुणी ओटावाला फिरायला येणार असेल तर ससेक्स ड्राइव्हवरच्या मिंटची टूर घ्या, जुनी दगडी इमारत आहे, आणि नंतर बँक ऑफ कॅनडाच्या संग्रहालयात जा. तिथे तिकीट नाही. व्हॉयाजरचं पुढे काय झालं तेही तिथे कुणाला तरी विचारा, कारण १९८७ मध्ये डॉलरचं नवं सोनेरी नाणं आलं त्याच्यावरही खरं तर व्हॉयाजरच येणार होता, पण १९८६ च्या नोव्हेंबरात ओटावाहून विनिपेगला पाठवलेले त्याचे मूळ डाय वाटेतच हरवले, ते कधीच सापडले नाहीत, आणि खोटी नाणी निघतील या भीतीने घाईघाईत लून पक्ष्याचं चित्र घेतलं. म्हणून आज सगळे त्याला लूनी म्हणतात. म्हणजे ज्या चित्राला रोजच्या खिशातून असं जावं लागलं ते आता चांदीच्या या पुनर्निर्मित नाण्यांतच भेटतं, म्हणून मला ती नाणी हवी असतात.

संपादक साहेब, आपल्याला विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी चांदीच्या नाण्यांवर लिहाल तेव्हा भावाच्या कोष्टकात दोन रकाने वाढवा, एक त्या नाण्यात नक्की किती ग्रॅम चांदी आहे आणि दुसरा ते परत विकताना साधारण काय धरतात. आणि बुलियनचं, म्हणजे चांदीच्या भावासाठी घ्यायचं, नाणं कुठलं, संग्राहकांचं कुठलं ते वेगळं छापा, दोन्ही एका यादीत नको. जमलं तर १९४८ च्या डॉलरचा फोटो दोन्ही बाजूंनी छापा, १९४६ च्या शेजारी ठेवून, म्हणजे वाचकांना ती अक्षरं गेलेली स्वतः बघता येतील. माझ्याकडे १९४६ चा आहे, त्याचे चांगले फोटो काढून पाठवू शकतो.

आपला एक वाचक,
मिसिसागा, कॅनडा